ऑफ-रोड वाहनांच्या टायरची छापील उंची आणि प्रत्यक्ष उंची : एक ऐतिहासिक चिकित्सा

सारांश

टायरच्या कडेवर छापलेला आकडा हे माप आहे की नाव, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा आकडा टायरचा बाह्य व्यास सांगत असे. पुढे तो रिमच्या जोडीचे नाव बनला आणि १९७० च्या दशकात ऑफ-रोड टायरच्या निमित्ताने पुन्हा बाह्य व्यासाकडे वळला. तथापि तोपर्यंत आकडा आणि वस्तू यांच्यातील अंतर मानकांनीच मान्य केलेले होते. या अंतराची कारणे आणि त्याचे व्यावहारिक परिणाम येथे तपासले आहेत.

बीजसंज्ञा : टायर, नाममात्र माप, मानकीकरण, जीप, जाहिरात, सहनमर्यादा

१. प्रस्तावना

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार चाकाचा घेर मोजतो, धाव तापवतो आणि ती चाकावर बसवून थंड करतो. एकदा बसलेल्या धावेचा व्यास एकच असतो. गाडी रिकामी असो वा भरलेली, उभी असो वा चालती, त्यात फरक पडत नाही. हवा भरलेल्या रबरी टायरची गोष्ट वेगळी आहे. त्याचा व्यास हवेच्या दाबावर, रिमच्या रुंदीवर, वाहनाच्या भारावर, वेगावर आणि नक्षीच्या झिजेवर अवलंबून असतो. अशा वस्तूला एकच आकडा चिकटवायचा म्हटले की कोणती तरी एक अवस्था निवडावी लागते. ही निवड कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने केली, हा इतिहासाचा प्रश्न होय.

ऑफ-रोड वाहनांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. खडक, चिखल आणि ओढे पार करणाऱ्या वाहनाची जमिनीपासूनची उंची टायरच्या व्यासावर ठरते. त्यामुळे ‘३३ इंची’, ‘३५ इंची’ हे शब्द या वाहनांच्या जाहिरातीत ठळकपणे येतात. प्रत्यक्षात फीत लावून मोजले असता हे आकडे बहुधा भरत नाहीत. ग्राहकाची पहिली प्रतिक्रिया फसवणुकीच्या आरोपाची असते. हा आरोप कितपत योग्य आहे, हे तपासण्यासाठी आकड्याचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

टायरच्या मापनपद्धतीतील स्थित्यंतरे नोंदवणे, छापील व प्रत्यक्ष उंचीतील फरकाची कारणे शोधणे आणि या फरकाचे परिणाम स्पष्ट करणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी टायरवरील छापील खुणा, मानकांतील सूत्रे आणि वाहनांसाठी जाहीर झालेली मापे यांची तुलना केली आहे. जेथे ‘गणिती व्यास’ असा उल्लेख आहे तेथे तो छापील खुणेवरून काढलेला आहे.

३. नाव हेच माप : प्रारंभीचा काळ

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आरंभीच्या मोटारींच्या टायरवर बाह्य व्यास आणि काटछेदाची रुंदी असे दोन आकडे असत. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीला पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३½ इंचांचे टायर होते. त्या काळी टायरच्या काटछेदाची उंची व रुंदी जवळजवळ समान असल्याने रिमचा व्यास वेगळा सांगण्याची गरज नव्हती. ३० मधून ३ ची दुप्पट वजा केली की पुढच्या रिमचा २४ इंच हा व्यास मिळे. ३½ ची दुप्पट वजा केली की मागच्या रिमचा २३ इंच हा व्यास मिळे. तात्पर्य, आकडा खरा होता आणि त्यातूनच दुसरा आकडा काढता येत होता.

या सरळ व्यवस्थेला पहिला तडा ‘ओव्हरसाइझ’ टायरने दिला. ३० × ३½ च्या रिमवर ३१ × ४ इंचांचा टायर बसत असे, कारण ३१ मधून ८ वजा केले तरी उत्तर २३ च येते. जाड टायर अधिक भार पेलतो आणि धक्के कमी देतो, म्हणून ग्राहकाला तो हवासा वाटे. याचा अर्थ असा की आकड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली होती. टायर किती उंच आहे यापेक्षा तो कोणत्या रिमवर बसतो, हे विक्रेत्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

सायकलीच्या क्षेत्रात हेच अधिक ठळकपणे घडले. २६ × १⅜, २६ × १½ आणि २६ × २.१२५ हे तिन्ही टायर २६ इंची म्हणूनच ओळखले जातात. मात्र त्यांचे रिम अनुक्रमे ५९०, ५८४ आणि ५५९ मिलिमीटर व्यासाचे असल्याने एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. भारतीय रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या २८ × १½ या सायकलच्या टायरचा रिम ६३५ मिलिमीटरचा असून त्याचा बाह्य व्यास २८ इंचांच्या अगदी जवळ येतो. म्हणजे काही ठिकाणी नाव आणि माप जुळत राहिले, काही ठिकाणी केवळ नाव उरले. ग्राहकाला मात्र दोन्ही आकडे एकाच रूपात दिसत राहिले.

४. बलून टायर ते जीप

१९२३ मध्ये फायरस्टोन कंपनीने कमी दाबाचा, रुंद ‘बलून’ टायर बाजारात आणला. रिम लहान आणि रबर अधिक असा हा बदल होता. या काळात खुणेची रचना पालटली. मॉडेल टीच्या अखेरच्या वर्षांतील टायर ४.४०-२१ या नावाने ओळखला जाऊ लागला. पहिला आकडा काटछेदाच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा. बाह्य व्यास हा आकडा खुणेतून नाहीसा झाला. ज्याला उंची हवी असेल त्याने ती स्वतः काढावी, अशी ही व्यवस्था होती.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचा ६.००-१६ हा टायर याच पद्धतीचा होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रा कंपनीने विलीज जीपच्या जुळणीस प्रारंभ केला आणि ६.००-१६ हे माप भारतीय जीपच्या ओळखीचा भाग बनले. रुंदीची दुप्पट रिममध्ये मिळवली तर या टायरचा गणिती व्यास २८ इंच येतो. त्याच पद्धतीने लँड रोव्हरवर वापरल्या गेलेल्या ७.५०-१६ चा गणिती व्यास ३१ इंच, म्हणजे ७८७ मिलिमीटर येतो. येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागते. ७.५०-१६ या मापाच्या प्रत्यक्ष टायरचा व्यास ८०० मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे जीप-लँड रोव्हरच्या पिढीत प्रत्यक्ष टायर गणिती मापापेक्षा मोठा असे. उंची खुणेत नसल्याने या जादा उंचीचा कोणी गाजावाजा केला नाही आणि त्याबद्दल तक्रारही झाली नाही.

याच काळातील दुसरा नाममात्र आकडा म्हणजे ‘प्लाय रेटिंग’. प्रारंभी तो टायरमधील सुती धाग्यांच्या थरांची संख्या सांगे. रेयॉन आणि नायलॉन आल्यावर कमी थरांत तेवढेच बळ मिळू लागले, तरी जुना आकडा कायम राहिला. दोन थरांचा टायर ‘चार प्लाय रेटिंग’ म्हणून विकला जाऊ लागला. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी टायर-सुरक्षेचा प्रश्न लावून धरला, तेव्हा अशा खुणांमुळे ग्राहकाच्या मनात होणारा गोंधळ चर्चेत आला. १९६६ च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा कायद्याने टायरवरील माहितीला कायदेशीर चौकट मिळाली. त्यानंतरच्या १०९ क्रमांकाच्या संघीय मानकाने मोटारींच्या टायरसाठी रुंदीची कमाल मर्यादा आणि रुंदी व बाह्य व्यास यांच्या बेरजेची किमान मर्यादा घालून दिली. येथे केवळ व्यासाला स्वतंत्र हमी न देता बेरजेला हमी दिली गेली, ही गोष्ट बोलकी आहे.

५. बाह्य व्यासाचे पुनरागमन

युरोपात काटछेदाची उंची व रुंदी यांचे गुणोत्तर खुणेत येऊ लागले आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतही मेट्रिक खूण रूढ झाली. २५५/६५ आर १८ या खुणेत २५५ मिलिमीटर ही रुंदी, ६५ टक्के हे उंचीचे गुणोत्तर आणि १८ इंच हा रिमचा व्यास असतो. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणी दर्शवते. या पद्धतीत व्यास पुन्हा काढता येतो, परंतु त्यासाठी कागद-पेन्सिल लागते आणि मिलिमीटर, टक्के व इंच या तीन परिमाणांची सांगड घालावी लागते.

याच दशकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वेगळीच मागणी वाढत होती. १९६७ मध्ये सुरू झालेल्या बाहा १००० या शर्यतीने ऑफ-रोड वाहनांना प्रतिष्ठा दिली. डिक सेपेक यांच्यासारख्या विक्रेत्यांनी १९६० च्या दशकात वाळूत न रुतणारे रुंद ‘फ्लोटेशन’ टायर हौशी चालकांपर्यंत पोचवले. १९७६ मध्ये बीएफगुडरिच कंपनीने ऑफ-रोड वापराचा रेडियल टायर आणला. आरंभी या रुंद टायरवर १०-१५, ११-१५ अशा खुणा असत. पुढे ३१ × १०.५०-१५ ही खूण रूढ झाली. बाह्य व्यास, रुंदी आणि रिम असा तिचा क्रम आहे.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण झालेले दिसते. मॉडेल टीच्या ३० × ३½ मधील पहिला आकडा सुमारे सात दशकांनी ३१ × १०.५० च्या रूपाने परत आला. चालकाला जे जाणून घ्यायचे होते ते पुन्हा खुणेच्या अग्रभागी आले. परंतु १९०८ चा ३० आणि १९७० च्या दशकातील ३१ यांत मूलभूत भेद होता. ३१ × १०.५० आर १५ या टायरच्या सामान्य नक्षीसाठी मानकांतील रचना-व्यास ७७५ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच धरलेला आहे. खोल नक्षीच्या टायरसाठी यापेक्षा अधिक व्यास धरला जातो. याचा अर्थ, छापील आकडा म्हणजे त्या वर्गातील टायर साधारणतः जेथवर पोचू शकतो ती वरची खूण आहे, प्रत्येक टायरची मोजलेली उंची नव्हे. अर्ध्या इंचाचा फरक कारखान्यात चोरला जात नाही. तो मानकाच्या तक्त्यातच लिहिलेला आहे. ग्राहकाच्या हाती मात्र तो तक्ता नसतो, केवळ टायरवरील खूण असते.

६. उंची मोजायची कशी ?

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३० व्या नियमावलीत मोटारींच्या टायरच्या मापनाची रीत दिली आहे. टायर ठरावीक रुंदीच्या रिमवर बसवून त्यात निश्चित दाबाची हवा भरतात आणि तो किमान २४ तास तसाच ठेवतात. त्यानंतर दाब पुन्हा योग्य करून कमाल परिघ मोजतात व त्यास ३.१४१६ ने भागतात. लोहार धावेचा घेर मोजतो, त्याच मार्गाने हे मापन जाते. टायरवर वाहनाचा भार नसतो, हे येथे महत्त्वाचे.

या नियमावलीतील सहनमर्यादाही पाहण्यासारखी आहे. रस्त्यावरील सामान्य वापराच्या रेडियल टायरच्या काटछेदाची उंची नाममात्र उंचीच्या ०.९७ पट ते १.०४ पट चालते. तिरकस धाग्यांच्या, म्हणजे बायस बांधणीच्या टायरसाठी वरची मर्यादा १.०८ पट आहे, कारण असा टायर वापरात फुगत जातो. २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारच्या वरच्या श्रेणीतील २५५/६५ आर १८ हे माप उदाहरणादाखल घेता येईल. नाममात्र काटछेदाची उंची १६६ मिलिमीटर व रिम ४५७ मिलिमीटर धरल्यास बाह्य व्यास ७७९ ते ८०२ मिलिमीटरच्या दरम्यान कोठेही असू शकतो. इंचांत हा पल्ला सुमारे ३०.७ ते ३१.६ होतो. एकाच नावाचे दोन निर्दोष टायर शेजारी ठेवले तर त्यांच्यात पाऊण इंचाहून अधिक फरक असू शकतो आणि दोन्ही नियमात बसतात.

वाहनाचा भार आला की दुसरी उंची अस्तित्वात येते. जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर निम्म्या व्यासापेक्षा कमी भरते. वाळूत हवा कमी केली तर ते आणखी घटते. चालत्या चाकाची उंची ही तिसरी. युरोपीय टायर व रिम तांत्रिक संघटनेच्या सूत्रानुसार रेडियल टायर एका फेऱ्यात बाह्य व्यासाच्या ३.०५ पट आणि बायस टायर २.९९ पट अंतर कापतो. भूमितीप्रमाणे हे अंतर ३.१४ पट हवे. म्हणून ३१ इंच व्यासाचा रेडियल टायर वेगमापकाच्या दृष्टीने सुमारे ३०.१ इंचांचाच असतो.

यात झिजेची भर पडते. ऑफ-रोड टायरची नक्षी खोल असते. १२ मिलिमीटरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली तर व्यास सुमारे २१ मिलिमीटरने, म्हणजे ०.८ इंचाने कमी होतो. छापील आकडा अर्थातच तोच राहतो.

७. जाहिरातीतील पूर्णांक

वरील अंतर तांत्रिक कारणांचे आहे. जाहिरातीतील अंतराचे कारण निराळे आहे. एकविसाव्या शतकात वाहन-उत्पादक स्वतःच मोठे टायर बसवून ऑफ-रोड आवृत्त्या विकू लागले. त्यांचे टायर मेट्रिक खुणेचे आणि जाहिरात मात्र इंचांत असते. २०१० च्या फोर्ड रॅप्टरचा ३१५/७० आर १७ हा टायर ३५ इंची म्हणून ओळखला गेला. त्याचा गणिती व्यास ३४.४ इंच येतो. २०१८ च्या जीप रँग्लर रुबिकॉनचा २८५/७० आर १७ हा टायर ३३ इंची म्हणून जाहीर झाला. त्याचा गणिती व्यास ३२.७ इंच आहे. २०२१ च्या फोर्ड ब्रॉन्कोच्या ३५ इंची म्हटल्या गेलेल्या टायरची खूणही ३१५/७० आर १७ हीच होती.

या सर्व उदाहरणांत अपूर्णांक वरच्या पूर्णांकाकडे गेला आहे. ३१, ३३, ३५, ३७ या विषम आकड्यांची एक शिडी फ्लोटेशन टायरने चालकांच्या मनात आधीच उभी केली होती. मेट्रिक टायर त्या शिडीच्या जवळच्या पायरीवर बसवले गेले. फ्लोटेशन पद्धतीचा ‘३५’ स्वतःच साडेचौतीसच्या आसपास भरत असल्याने ३४.४ चा टायर त्याच्या शेजारी खोटा ठरत नाही. एका नाममात्र आकड्याने दुसऱ्या नाममात्र आकड्याला साक्ष दिली, असे याचे वर्णन करता येईल. प्रत्येक पायरीवर प्रत्येक जण नियमानुसार वागला आणि तरीही ग्राहकाला मिळालेली उंची सांगितलेल्या उंचीपेक्षा कमी भरली.

८. व्यावहारिक परिणाम

अर्ध्या इंचाने काय बिघडते, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. जमिनीपासूनच्या उंचीत व्यासातील फरकाचा निम्माच वाटा येतो. ३१.०५ इंचांच्या टायरऐवजी ‘३३ इंची’ टायर घेणाऱ्याला जवळजवळ एक इंच जादा उंची मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात २८५/७० आर १७ ने ती ०.८ इंच वाढते आणि टायर झिजल्यावर यातील सुमारे निम्मीच उंची उरते.

वेगमापकाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. वरील बदलाने टायरचा व्यास ५.३ टक्क्यांनी वाढतो. वेगमापक ताशी ८० किलोमीटर दाखवत असताना वाहन ८४ किलोमीटरच्या वेगाने धावत असते. वेगमापकाने प्रत्यक्षाहून कमी वेग कधीही दाखवू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत ३९ व्या नियमावलीत आहे. उंच टायर ती राखीव सुरक्षितता खाऊन टाकतो. शिवाय इंजिनाची ओढ कमी भासते, ब्रेकला अधिक जड चाक थांबवावे लागते आणि वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. घासणे टाळण्यासाठी छापील आकडा पुरेसा नसतो. त्या विशिष्ट टायरचा मोजलेला व्यास आणि रुंदी लागते.

भारतात या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीचा ९५ वा नियम टायरचे माप व प्लाय रेटिंग यांच्याशी संबंधित आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ स्पष्ट केला. म्हणजे कायदा ज्या आकड्यावर बोट ठेवतो तो छापील आकडा आहे, तर अपघाताचा धोका मोजलेल्या उंचीशी निगडित आहे. २००९ च्या केंद्रीय गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरसाठी भारतीय मानक सक्तीचे झाले. मात्र मानकातील सहनमर्यादा सामान्य खरेदीदाराला सांगण्याची व्यवस्था दुकानात क्वचितच आढळते.

९. निष्कर्ष

१) टायरवरील आकडा प्रारंभी माप होता. रिमच्या जोडीची गरज, जाड टायरची मागणी आणि मानकीकरण यांमुळे तो वर्गाचे नाव बनला.

२) छापील व प्रत्यक्ष उंचीतील फरक नेहमी एकाच दिशेचा नव्हता. जीपच्या पिढीत प्रत्यक्ष टायर गणिती मापाहून मोठा असे, तर फ्लोटेशन टायरच्या पिढीत तो छापील मापाहून लहान भरू लागला. म्हणून केवळ फसवणुकीच्या हेतूने या फरकाचे स्पष्टीकरण करणे अपुरे आहे.

३) उंची खुणेच्या अग्रभागी येऊन विक्रीचा मुद्दा बनल्यानंतरच हा फरक खुपू लागला. मानकाची सहनमर्यादा तांत्रिक गरजेतून आली. पूर्णांकाकडे झुकणे मात्र जाहिरातीच्या गरजेतून आले. या दोहोंत फरक करणे न्यायाचे होईल.

४) मोजण्याची अवस्था न सांगता दिलेली उंची अपूर्ण असते. रिमची रुंदी, हवेचा दाब व मोजलेला व्यास हे तीन आकडे विक्रीच्या वेळी दिले गेल्यास ग्राहक, अभियंता व परिवहन अधिकारी या तिघांचीही सोय होईल.

इतिहासाच्या अभ्यासकासाठीही यात बोध आहे. जुन्या कागदपत्रांतील बिघा, पायली वा खंडी यांचे आकडे वाचताना ते कोणत्या गावचे आणि कोणत्या मापाचे, हे अभ्यासक विचारतो. छापील, यंत्रनिर्मित आणि मानकांनी बांधलेल्या आधुनिक आकड्याला मात्र तो हा प्रश्न विचारण्याचे विसरतो. बैलगाडीच्या धावेचा व्यास लोहाराने स्वतः मोजलेला असे. टायरचा व्यास नावावरून मानला जातो. चाक तेच राहिले, पण मोजणाऱ्याची जागा मानणाऱ्याने घेतली, हे या शंभर वर्षांच्या इतिहासाचे सार म्हणता येईल.